हप्ता भरला, मुद्दल जागेवर

क्रेडिट कार्डाच्या दर महिन्याच्या बिलावर दोन रकमा शेजारी शेजारी छापलेल्या असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. एकूण रक्कम तारखेच्या आत भरली, तर कार्डावर केलेली खरेदी बिनव्याजी पडते. किमान रक्कम भरली, तर कार्ड चालू राहते, उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोनही येत नाही. मात्र उरलेल्या बाकीवर व्याज चढायला लागते. दुसरा आकडा लहान असतो आणि महिनाअखेरीला तोच सोयीचा वाटतो. कार्डाच्या कर्जात सापडलेल्या बहुतेक घरांची अडचण तिथूनच सुरू झालेली असते.

बिनव्याजी मुदतीचा हिशोब सोपा आहे. समजा, बिल दर महिन्याच्या 15 तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 5 आहे. 16 जूनला घेतलेला मिक्सर 15 जुलैच्या बिलात येतो आणि त्याचे पैसे 5 ऑगस्टपर्यंत द्यायचे असतात, म्हणजे 50 दिवस मिळाले. तोच मिक्सर 15 जुलैला घेतला, तर भरण्याची तारीख तीच, पण मुदत 21 दिवसांची. म्हणून मोठी खरेदी बिल निघाल्यावर लगेच केलेली बरी. ही सवलत टिकते ती मागचे बिल पुरते फिटले असेल तोपर्यंतच. थोडी जरी बाकी मागे राहिली तरी ती मोडते. मग नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, अगदी त्या आठवड्यात भरलेल्या किराण्यावरसुद्धा.

व्याजाचा दर बिलावर महिन्याचा लिहिलेला असतो. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला 42 टक्के. शिवाय त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. आता 20,000 रुपयांची बाकी घेऊ. महिन्याचे व्याज 700 रुपये, त्यावरचा कर 126, एकूण 826. पाच टक्के किमान रकमेप्रमाणे कार्डधारकाने 1,000 रुपये भरले, तर मुद्दलातून कमी झाले फक्त 174 रुपये. कार्ड बाजूला ठेवून, एक पैशाचीही नवी खरेदी न करता तो दरमहा 1,000 रुपये भरत राहिला, तर कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागतो आणि एकूण सुमारे 43,000 रुपये जातात. बाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरते, आणि तेवढीच भरत गेल्यास मुदत आणखी कितीतरी लांबते. हेच 20,000 दरमहा 2,000 भरून फेडले, तर 14 महिन्यांत मोकळे होता येते आणि व्याज व कर मिळून साधारण 6,300 रुपये लागतात. हप्ता दुप्पट केला की खर्च निम्म्यावर नव्हे, जवळजवळ चौथाईवर येतो. बिलातील सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि बिलावर ती कुठेही छापलेली नसते.

लवकर न फिटणारे कर्ज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला नवे नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हे सुपे आज बारामती तालुक्यात येते; पारनेर तालुक्यातील, औद्योगिक वसाहतीचे सुपा ते वेगळे. तिथून उठाव नगर जिल्ह्यात शिरला आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतील गावे त्यात आली. लोकांनी मागितल्या त्या खतावण्या आणि कर्जरोखे. हाती लागली ती कागदपत्रे त्यांनी जाळली. एवढा राग कागदावर का होता, याचे उत्तर 1859 च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. व्याज साचत जाऊ नये म्हणून त्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी कुळाकडून नवे खत लिहून घ्यायचे आणि त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून मांडायचे. अक्षरओळख नसलेला शेतकरी खाली नांगराची निशाणी करी. ऋणको वाचावा म्हणून केलेल्या कायद्याने त्याचे कर्ज असे दर तीन वर्षांनी फुगत गेले. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून जास्त व्याज लावलेले आढळले.

त्यातून 1879 चा दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खतावर लिहिलेला आकडा अखेरचा न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन मुद्दल व व्याजाचा हिशोब वेगळा मांडण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सावकाराने पैशाची पावती द्यावी, वर्षाचा हिशोब लिहून द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, अशी सक्ती झाली. कार्डधारकाला आज घरबसल्या मिळणारा हिशोब त्या काळी दंगा आणि कायदा झाल्यावर मिळाला. तो न उघडता केवळ किमान रक्कम पाहून पैसे भरणे म्हणजे ती सगळी कमाई वाया घालवणे आहे.

कार्डाचे कर्ज आणि जुने खत यांत एक खरा फरक आहे आणि तो सांगायला हवा. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांपासून किमान रक्कम अशी ठरवावी लागते, की ती नियमित भरणाऱ्याची बाकी वाढता कामा नये. न भरलेले शुल्क व कर यांवर व्याज चढवता येत नाही. म्हणजे किमान रक्कम भरणाऱ्याचे मुद्दल फुगत नाही; ते फक्त जेमतेम हलते.

दराच्या बाबतीत मात्र कार्डधारकाला फारसे संरक्षण उरलेले नाही. एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम या मुलखात चालत आला. तो थकलेल्या व्याजाला लागू होता, हप्त्याहप्त्याने भरून टाकलेल्या व्याजाला नव्हे. त्यामुळे वरच्या उदाहरणात 20,000 वर 23,000 मोजणाऱ्याला त्याचा आधार तेव्हाही मिळाला नसता. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर घ्यायचा दर वर्षाला 18 टक्के ठरवला गेला. बँकांना हा कायदा लागू नाही. बँकेचा व्याजदर जास्त आहे म्हणून न्यायालयाला करार उकरता येत नाही, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम 21अ सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. तारणाशिवाय, चौकशी न करता, क्षणात कर्ज देणाऱ्याची जोखीम मोठी असते हे मान्य केले, तरी 18 आणि 42 यांतले अंतर त्या एका कारणाने भरून निघत नाही.

अमेरिकेत 2009 च्या कार्ड कायद्याने निदान एक गोष्ट केली. दर महिन्याच्या बिलावर, फक्त किमान रक्कम भरल्यास हे कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि एकूण किती पैसे जातील, हे त्या ग्राहकाच्या बाकीवरून काढून छापावे लागते. तीन वर्षांत फेडायचे तर महिन्याला किती भरावे लागतील, तेही शेजारी दिलेले असते. आपल्याकडे परतफेड लांबेल असा मोघम इशारा बिलावर असतो, ग्राहकाचा स्वतःचा आकडा नसतो. रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा करावा. बँकांच्या संगणकाला यात काही जड नाही आणि मराठीत छापला तर नगरच्या वाचणाऱ्यालाही तो कळेल.

व्याजाखेरीज शुल्के असतात. वार्षिक शुल्क ठरावीक खर्च केल्यास माफ होते. माफीसाठी म्हणून जास्तीचा खर्च करण्यात काही राम नाही. कार्डावर एटीएममधून रोख काढणे सगळ्यात महाग: काढलेल्या रकमेवर शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून धावते, बिनव्याजी मुदत त्याला मुळीच नाही. दवाखान्याच्या घाईत हे घडते. अशा वेळी दवाखान्याचे बिल थेट कार्डाने भरावे, रोख काढू नये. ‘नो कॉस्ट ईएमआय’ मध्ये रोखीने मिळणारी सूट बहुतेकदा जाते, प्रक्रिया शुल्क लागते आणि व्याज माफ दाखवले तरी त्यावरचा कर ग्राहकाकडूनच घेतला जातो. फोन किंवा फ्रिज घेताना दुकानदाराला रोखीचा भाव आधी विचारावा, म्हणजे फरक समोर येतो.

2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे चहाची टपरी, भाजीवाला, पेट्रोल पंप, अशा अनेक ठिकाणच्या क्यूआर कोडवर उधारीने पैसे देता येऊ लागले. खात्यातले पैसे गेले की कार्डावरचे, हे स्कॅन करताना जाणवत नाही. रोजचा किरकोळ खर्च बँक खात्यावरून आणि ठरवून केलेली खरेदी कार्डावरून, एवढी विभागणी केली तरी बिल आवाक्यात राहते.

अहिल्यानगर जिल्ह्यात पैसा एका तारखेला येत नाही. नागापूर किंवा सुप्याच्या वसाहतीतल्या कामगाराचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवडा-दहा दिवसांत होतो. संगमनेर-राहात्याकडे दुधाचे पैसे दहा दिवसांनी हाती येतात. कांद्याची पट्टी बाजारावर अवलंबून असते. उसाचे पैसे कायद्याने 14 दिवसांत मिळायला हवेत, पण ते हप्त्यांत आणि अनेकदा उशिरा मिळतात. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला त्याच तारखेला येते. पगारदाराने बिलाचे चक्र बदलून मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तो ग्राहकाचा हक्क आहे. पगार 7 तारखेला होत असेल आणि भरण्याची तारीख 5 असेल, तर दरमहा दोन दिवसांसाठी उसनवारी करण्याचे कारण नाही. ज्याचे उत्पन्न पिकावर आहे, त्याने खते-बियाणे कार्डावर घेऊ नयेत. त्यासाठी पीककर्ज आहे, त्याचा दर या दराच्या जवळपासही जात नाही आणि त्याची मुदत पिकाच्या हिशोबाने असते.

बाकी साचलीच असेल, तर पहिले काम कार्ड वापरणे थांबवण्याचे. नवी खरेदी चालू असताना जुने कर्ज फिटत नाही. दुसरे, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडायचे. बँकेचे किंवा पतसंस्थेचे सोनेतारण अथवा वैयक्तिक कर्ज कार्डाच्या दरापेक्षा पुष्कळ खालच्या दराने मिळते, आणि त्याला ठरलेला शेवटचा हप्ता असतो. दागिना गहाण ठेवायला घरात मन होत नाही, हे खरे आहे. पण वर्षाला 42 टक्के भरत दागिना कपाटात सुरक्षित ठेवणे जास्त महागात पडते. कार्डे दोन-तीन असतील तर सगळ्यांची किमान रक्कम भरून वरचे सगळे पैसे सर्वांत जास्त दराच्या कार्डावर टाकावेत. एका कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डाने फिरवत राहणे हा त्यावरचा उपाय नाही. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवण्याचा मार्ग अगदी शेवटचा. पतअहवालात ते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते आणि पुढे घरकर्ज मागताना आडवे येते. शेतकऱ्याकडून पीककर्जासाठी सिबिलचा पतअहवाल मागू नये, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे; ट्रॅक्टर किंवा घराच्या कर्जाला मात्र तो अहवाल पाहिला जातोच.

ग्राहकाचे काही हक्क स्पष्ट आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. दिले आणि त्यावर शुल्क लावले, तर बँकेला ते परत करून त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. बाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये. भरण्याची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच उशिराचा दंड लावता येतो आणि तो उरलेल्या बाकीवर, संपूर्ण बिलावर नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांपुढे अपमान करायचा नाही. फोन आल्यास तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून बाकी नसल्याचे पत्र घ्यावे. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात फिटलेले खाते थकीत दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचे बंधन आहे.