तंजावरच्या आजी

परवा मंडळाच्या गणपतीच्या जेवणात आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मुलगा इथेच न्यू जर्सीत, संगणकाच्या कामात. बोलणं मराठी, पण हेल थेट तमिळ. आम्ही कौतुकाने म्हणालो, "आजी, मराठी छान बोलता हो! कुठे शिकलात?"

"घरीच. साडेतीनशे वर्षं झाली."

आमचा मोदक घशातच अडकला.

घरी येऊन पुस्तकं उघडली (इंजिनिअरची खोड!). शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. १८५५ साली शेवटचा राजा पुत्राविना वारला, आणि कंपनी सरकारने गादी खालसा केली. राज्य गेलं, माणसं राहिली. तंजावर, कुंभकोणम, पुढे मद्रास. त्यांचं मराठी वैभव आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटकं लिहिली, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी! सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आल्या त्या मराठी कीर्तनातूनच. आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव? आम्ही त्यांना इतकी वर्षं मद्रासी समजत होतो. ते कुंभकोणमचे मराठी.

शाळा मात्र तमिळ नाहीतर इंग्रजी. आजींची आई मराठी पत्रं तमिळ लिपीत लिहायची. त्या लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर! खण की घण, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. इथे आम्ही दर रविवारी मुलांना बाराखडी घोटायला लावतो, आणि घरी गाडीच्या चाव्यासुद्धा इंग्रजीत शोधतो. आमच्या घरातल्या अमेरिकन मराठीचं वय अवघं पंचवीस वर्षं, आणि तिला आत्ताच धाप लागली आहे.

त्याच संध्याकाळची गोष्ट. आमची कन्या (वय बारा, जन्म इथलाच) आजींना म्हणाली, "चला आजी, आम्ही फोटो काढू या." आजी जागच्या हलल्या नाहीत. "काढा की," म्हणाल्या. कन्या गोंधळली. मग आजींनी तिला जवळ बसवलं. 'आम्ही' म्हणजे तुम्ही सगळे, मी नाही. 'आपण' म्हणजे मीसुद्धा. तमिळमध्येही असंच, 'नांगळ' आणि 'नाम'. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे आमच्या पोरांना हा फरक ऐकूच येत नाही. तंजावरच्या मराठीला शेजारची भाषा इथे आधार देते. आमच्या मराठीचा शेजार तसा नाही. इतकी वर्षं रविवारचे वर्ग घेऊन आमच्या हे लक्षात आलं नव्हतं!

"पण बाबा, तू लिहिताना एकटाच असून 'आम्ही' म्हणतोस," कन्येने आम्हाला गाठलंच.

निघताना आजी हळूच म्हणाल्या, "माझा नातू मला इंग्रजीत उत्तर देतो हो. कळतं सगळं, बोलत नाही." साडेतीनशे वर्षं कावेरीकाठी टिकलेलं मराठी इथे येऊन या एका मुलापाशी थांबलं आहे. तो आमच्या कन्येच्याच वयाचा.

येत्या शनिवारी दोघांना आमच्याकडे बोलावलं आहे. पिठलं आजी करणार आहेत. आमंत्रणाचा फोन कन्येनेच केला. 'आम्ही' म्हणाली की 'आपण', ते आम्हाला स्वयंपाकघरातून नीट ऐकू आलं नाही.