सातव्या वचनाच्या पुढे

मार्च २०२० मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखानी पट्ट्यातली यंत्रे ज्या कायद्यांच्या जोरावर थांबली, त्यांतला एक १२३ वर्षांचा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला म्हणून तो घाईघाईने केला गेला आणि त्याचा सर्वांत कडक अंमल पुण्याने सोसला. कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा, ते मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही अशी हमी. ज्याच्या घरात रोगी निघेल त्याला सरकारने कसे वागवावे, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हते.

सत्तेपुढे आणि शेजाऱ्यापुढे माणसाने कसे उभे राहावे, या प्रश्नाला त्या एका वर्षात पुणे आणि चिंचवड एवढ्याशा टापूत फार वेगवेगळी उत्तरे मिळाली. यंदाच्या अंकाचा विषय तोच आहे: ख्रिस्ती शिकवणुकीतला राजसत्तेचा मान आणि शेजाऱ्यावरची प्रीती. एका हाताला देहू आणि दुसऱ्या हाताला आळंदी असलेल्या या गावांत दिवाळी अंकासाठी हा विषय का, असे काही स्नेह्यांनी विचारले. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. त्याच वाटेने उलट चालत येऊन आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे आमच्या शेजाऱ्यांशी बोलू पाहतो आहोत, इतकेच उत्तर माझ्यापाशी आहे.

आधी मूळ शिकवण. पौलाने रोममधल्या मंडळीला पत्र लिहिले ते इसवी सन ५७ च्या सुमारास, नीरो गादीवर असताना. त्या पत्राच्या तेराव्या अध्यायातली पहिली सात वचने सत्तेबद्दल आहेत. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, सत्ता देवाने नेमलेली आहे, अधिकारी तुमच्या हितासाठी असलेला देवाचा सेवक आहे, कर भरा, ज्याचा मान त्याला द्या, असा त्यांचा आशय. आठव्या वचनापासून पौल लगेच शेजाऱ्याकडे वळतो. कोणाचे काही देणे ठेवू नका, एक प्रीतीचे देणे तेवढे कधी फिटत नाही. जो शेजाऱ्यावर प्रीती करतो त्याने सगळे नियमशास्त्र पाळले, कारण प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही. पौलाच्या मूळ पत्रात ना अध्याय होते ना वचनांचे आकडे. ते शेकडो वर्षांनी पडले. त्याने हे सारे एका दमात लिहिले होते.

राज्यकर्त्यांना मात्र पहिली सात वचनेच पाठ असतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने आणि तिची पाठराखण करणाऱ्या धर्मगुरूंनी याच सात वचनांचा आधार घेतला. तिथल्या ख्रिस्ती विचारवंतांनी आणि पाळकांनी १९८५ मध्ये ‘कैरोस दस्तऐवज’ प्रसिद्ध करून त्याला उत्तर दिले: अन्याय करणारी सत्ता आपल्या हितासाठी असलेली देवाची सेवक कशी म्हणता येईल? उत्तर योग्यच होते. पण त्याच्या ८८ वर्षे आधी ते उत्तर पुण्यात एका मराठी बाईने आपल्या वागण्यातून देऊन ठेवले होते, आणि आपल्याला त्याची फारशी आठवण नाही.

पुण्यात प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचे प्रमुख झाले. मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. माणसे चौकात आणून तपासली जात, देवघरांत बूट शिरत, सामान जाळले जाई, संशयितांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. रोग खरा होता आणि विलगीकरणही गरजेचे होते. पण ज्यांच्या जिवासाठी हे चालले होते त्यांनाच शिपाई शत्रूसारखे वागवत होते. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याला दिलेले उत्तर आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिन्ही भाऊ आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे फासावर गेले. त्यांच्या संतापामागचे दुःख खरे होते. माझी श्रद्धा मला त्या वाटेने जाऊ देत नाही, आणि हे मी चिंचवडच्या चापेकर वाड्याबद्दलचा आदर मनात ठेवूनच लिहितो.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. त्यांचे शारदा सदन १८९० पासून पुण्यात होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे वर आलेल्या विधवा आणि मुली घेऊन परतल्या. नेमका तेव्हाच प्लेग सुरू झाला आणि सदनात आणखी मुली ठेवू नयेत असा शहरातल्या दंडाधिकाऱ्याचा हुकूम आला. ज्यांना दुसरे घर नव्हते अशा मुलींबद्दलचा हा हुकूम. रमाबाईंनी तो पाळला. पुण्यापासून बरेच दूर, केडगावला त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे त्या या मुलींना घेऊन गेल्या. नीट इमारत नव्हती, उघड्या माळावर संसार मांडावा लागला. पुढे त्याच जागी मुक्ती सदन उभे राहिले. दाटीवाटीच्या शहरात साथीच्या तोंडी मुली ठेवणे मुलींच्याही जिवावर बेतले असते आणि शेजारच्या घरांच्याही, हे त्यांनी ओळखले असणार. त्या हुकुमात शेजाऱ्याचे हित होते.

त्याच वर्षी, मे महिन्यात, याच बाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात सरकारविरुद्ध पत्र लिहिले. आपल्या सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेल्यावर तिचे काय झाले आणि तिथे स्त्रियांच्या अब्रूची कशी पर्वा केली जात नाही, हे त्यांनी नाव घालून, जाहीरपणे लिहिले. रँड ख्रिस्ती, गव्हर्नर सँडहर्स्टही ख्रिस्ती, आणि पत्र छापणारे साप्ताहिक मिशनऱ्यांचे. स्वधर्मीयांच्या सत्तेविरुद्ध स्वधर्मीयांच्याच पत्रात लिहायला किती धैर्य लागते हे कोणत्याही धर्माच्या माणसाने आपल्या मनाशी ताडून पाहावे. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचले. गव्हर्नरांनी तक्रार खोडून काढली. इंग्लंडात असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून असेच आरोप जाहीर केले होते. परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. सदनावर वर्षानुवर्षे टीकेची झोड उठवणारा ‘केसरी’ आणि सदन चालवणाऱ्या रमाबाई त्या महिन्यांत एकाच जाचाबद्दल बोलत होत्या. लोकमान्यांना त्याच वर्षी राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. सरकारने रमाबाईंची तक्रार मानली नाही, आणि १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले.

एक हुकूम पाळला, दुसऱ्या कारभाराविरुद्ध लिहिले. एकाच बाईने, एकाच साथीत, काही महिन्यांच्या अंतराने. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांनी पाहिले ते केवळ मुलींकडे. पौलाचा तेरावा अध्याय सातव्या वचनापाशी न थांबता पुढे वाचला तर माणूस असाच वागेल, असे मला वाटते.

आणि याच साथीत, झडत्या सुरू होण्याच्या सुमारास, सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात, आपल्या डॉक्टर मुलापाशी, यशवंतापाशी आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. येशूने शेजारी कोण हे सांगायला जी गोष्ट रचली तिच्यात वाटेवर पडलेल्या घायाळ माणसाला टाळून याजक पुढे जातो, लेवी पुढे जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, ऐकणाऱ्यांच्या लेखी परका आणि हलका. प्रवचनात ही गोष्ट सांगताना आम्ही दाखले दूरदेशीचे देतो. मुंढवा पिंपरीहून इतका जवळ असून ते नाव आमच्या प्रवचनांत कधी येत नाही.

आता पुन्हा २०२०. त्या वर्षी ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, १० तारखेला गुड फ्रायडे, १२ ला ईस्टर. आमची देवळे बंद होती आणि आम्ही ती बंदी मनापासून पाळली. राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या काळात हुकूम पाळणे आणि शेजाऱ्याला जपणे ही एकच गोष्ट होती, म्हणून आम्हाला ते जमले.

पण २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आणखी एक आदेश काढला होता. टाळेबंदीच्या काळात कामगारांचा पगार कापू नये, आणि परगावच्या मजुरांकडून घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये. पगाराचा तो आदेश मे महिन्यात मागेही घेतला गेला. तोवर नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या पत्र्याच्या खोल्यांतली माणसे डोक्यावर बोचके घेऊन नाशिक रस्त्याला लागली होती. कोणी विदर्भाकडे, कोणी मराठवाड्याकडे, कोणी थेट बिहार-उत्तर प्रदेशाकडे. ८ मे रोजी जालन्याहून चालत निघालेले १६ पोलाद कामगार करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. सरकारने घरात बसा म्हटले ते आपण पाळले, त्यासाठी एकमेकांवर नजर ठेवली, पोलिसांना फोन केले. सरकारनेच भाडे मागू नका म्हटले ते पाळायला किती मालक पुढे आले? काही आले. आपल्या चाळीतल्या भाडेकरूंना रोज डाळ-भात घालणारी कुटुंबेही या पट्ट्यात होती आणि त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण ती खोल्या रिकाम्या होणे थांबवू शकली नाहीत.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येशूने नव्याने दिली नाही. ती मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या १९ व्या अध्यायातल्या अठराव्या वचनात आहे. त्याच्या पाच वचने आधी, तेराव्यात, शेजाऱ्याला नाडू नका आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका, असे सांगितले आहे. पुढे त्याच अध्यायात वजने-मापे खरी ठेवा असेही आहे. म्हणजे ही आज्ञा जन्मली तीच मजुरी आणि तागडीच्या शेजारी. याकोबाच्या पत्रातही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी जातो. इतका उघड कामगारांचा विषय असताना या पट्ट्यातल्या आमच्या मंडळ्यांनी तो शेजारधर्माच्या गोड प्रवचनांत विरघळवून टाकला, याचे मला वाईट वाटते. आमच्यातली कितीतरी घरे राहुरी-श्रीरामपूरकडून इथे आली ती हाताला काम हवे म्हणूनच.

राजसत्तेचा मान म्हणजे मंत्र्याच्या गळ्यात हार, असा आपला समज झाला आहे. सत्तेचा खरा मान तिने दुबळ्यांसाठी केलेल्या कायद्यांत पाळला जातो, आणि नेमके तेच कायदे आपण सहज वाकवतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्यांसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. परवाना नव्हता. आत राबणाऱ्या बायकांपैकी काही जागीच गेल्या, काही रुग्णालयात. अग्निशमनाचे नियम, परवाना, स्फोटक माल साठवण्याची मर्यादा, यांना आपण कटकट म्हणतो. त्या नियमांमागे त्या बायकांचा जीव होता. पौलाने अधिकाऱ्याला तुमच्या हितासाठी असलेला सेवक म्हटले त्याचा अर्थ तळवड्यात मला जितका लख्ख कळतो, तितका कुठल्या भाष्यग्रंथात कळला नाही. नियम मोडणारा मालक, ते न पाहणारा अधिकारी आणि शेजारच्या गाळ्यात बसून सारे ठाऊक असलेले आपण, या तिघांना तो अध्याय एकाच वेळी जाब विचारतो.

या अंकात पुढे चाकणच्या खोलीमालकांचे, ठेक्यावर काम करणाऱ्यांचे, परिचारिकांचे आणि कारखाना निरीक्षणाचे काम केलेल्यांचे अनुभव आहेत. त्यांतल्या सर्वांशी मी सहमत नाही, पण कोणाचेही म्हणणे मी छाटलेले नाही.

एक विनंती याच पानावर करतो, कारण पुढचे पान उलटेपर्यंत आठवडा निघून जाईल. बोनसचा हक्क १९६५ च्या कायद्याने दिला आणि तो नव्या वेतन संहितेतही कायम आहे. वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या, ठरलेल्या मर्यादेच्या आत पगार असलेल्या माणसाला किमान ८.३३ टक्के. ठेकेदाराकडून आलेला कामगारही त्यात येतो. गेटवर त्याचे ओळखपत्र वेगळ्या रंगाचे असले तरी येतो. आपल्या वाचकांत कंपन्यांचे व्यवस्थापक आहेत, ठेकेदार आहेत, युनियनचे पदाधिकारी आहेत. त्यांनी वर्षभराचा हजेरीपट आणि बोनसची यादी शेजारी शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. जी नावे एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत, त्यांचे पैसे लक्ष्मीपूजनाच्या आत त्यांच्या खात्यात जावेत.