मुंजीआधीचा नरहरी

गाणगापूरला येणाऱ्या मराठी भक्तांना नृसिंह सरस्वतींच्या बालपणाची कथा तोंडपाठ असते. कारंजात जन्मलेला नरहरी ॐकाराखेरीज काही बोलेना. आईवडील हवालदिल झाले, लोकांनी नाना उपाय सुचवले. शेवटी मुंज लागली आणि मुलाच्या तोंडून वेद बाहेर पडले. पारायणात कथा इथवर आली की हात आपोआप जोडले जातात. पण 'गुरुचरित्रा'त त्याआधी एक छोटा प्रसंग आहे. मुंज लावा म्हणजे बोलेन, हे न बोलणाऱ्या नरहरीने खुणांनी सांगितलं आणि आईवडिलांनी ते ओळखून तयारी केली. वाचा फुटण्याआधीच त्याचं म्हणणं घरात पोहोचलं होतं.

नरहरीला ऑटिझम (स्वमग्नता) होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. श्रद्धेच्या कथेला आजचं निदान चिकटवण्यात हशील नाही. मात्र स्वमग्न मुलांच्या बाबतीत आज नेमकी हीच मधली पायरी गाळली जाते. 'बोलेल कधी?' हा प्रश्न सगळे विचारतात; 'आत्ता काय सांगतोय?' हा फार थोडे.

कर्नाटकात भीमा-अमरजा संगमाजवळ असलेलं गाणगापूर हे क्षेत्र बाहेरची बाधा उतरण्यासाठी प्रसिद्ध आहे. आरतीला नगारे वाजू लागले की कोणी घुमतं, कोणी खांबावर चढतं. अशा गर्दीत एखादं मूल कान झाकून किंचाळलं, तर बघणारे लगेच निष्कर्ष काढतात. कदाचित त्याला नगाऱ्याचा आवाज असह्य झालेला असतो, एवढंच. आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतितीव्र किंवा अगदीच क्षीण अनुभव हा ऑटिझमच्या निकषांपैकी एक म्हणून अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेत आला तो २०१३च्या पाचव्या आवृत्तीत. स्वमग्न माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हे लिहून सांगत होती. अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांचं पहिलं आत्मकथन १९८६चं.

आणि कर्नाटकातलंच उदाहरण हवं, तर ते म्हैसुरात वाढलेल्या तितो राजर्षी मुखोपाध्यायचं आहे. फारसं बोलता न येणाऱ्या या मुलाचं 'बियाँड द सायलेन्स' हे पुस्तक ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २००० साली काढलं, तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. त्यात तो स्वतःबद्दल 'तो मुलगा' असं तिसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसं लिहितो. आपलं शरीर विखुरलंय असं त्या मुलाला वाटे, आणि ते गोळा करायला तो गरगर फिरे. बाहेरून जो निव्वळ चाळा दिसतो, त्याला आतून कारण असू शकतं, हे मराठी पालकाला इतकं स्पष्ट कुठला तज्ज्ञ सांगणार?

तितोला त्याच्या आईने, सोमा मुखोपाध्याय यांनी, शिकवलं. पुढे त्यांची पद्धत 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' या नावाने अमेरिकेत पसरली आणि वादातही सापडली. शब्द मुलाचे की शेजारी पाटी धरून बसलेल्या मोठ्यांचे, हा तो वाद. तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये ही पद्धत वापरू नये असंच सांगितलं. शंका रास्त आहे, पण तिच्यावर बोट ठेवून सगळ्याच न बोलणाऱ्यांना गप्प बसवणं रास्त नाही. ज्या साधनात दुसऱ्याचा हात लागत नाही, ते मुलाच्या हाती द्यावं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप असंच आहे: चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मुलाचं म्हणणं ओळखण्याची ही गोष्ट अधिक निकडीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, डॉक्टरांच्या खोलीत इंग्रजी. अशा वेळी 'एकच भाषा ठेवा' हा सल्ला सर्रास मिळतो आणि बळी जाते ती बहुधा आजीची भाषा. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही.

समज कमी पडते ती एकाच बाजूने नव्हे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये हेच मांडलं: स्वमग्न माणसांना इतर कळत नाहीत, तशी तीही इतरांना कळत नाहीत. मग सुधारण्याचा सगळा भार एकट्या मुलावर का?

कायदा पुढे गेला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत: नजरेला नजर देत नाही, एकटा राहतो, तेच तेच करतो. पालकांना विचारून आणि मुलाला पाहून गुण पडतात, टक्केवारी ठरते, आणि कागद त्या टक्केवारीवरच संपतो. त्याला आणखी एक पान जोडायला कायदा आडवा येत नाही. हे मूल 'हो' आणि 'नाही' कसं सांगतं, कशाने घाबरतं, कसली चित्रं काढतं, काय गुणगुणतं, हे त्या पानावर असावं, शक्य तिथे मुलालाच विचारून. शाळा बदलली, गाव बदललं, कन्नडमधून मराठीत गेलं, तरी पहिल्या दिवशी नव्या बाईंच्या हातात आधी तेच पान पडायला हवं.