एका टिकची किंमत

आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममधला तो जुना कॉम्प्युटर तुम्हाला माहीतच आहे. पेन्टियम फोर, विंडोज एक्सपी. परवा एक ज्युनिअर त्यातल्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये आपलं जीमेल जोडत बसला होता. "सर, पासवर्ड बरोबर आहे, तरी परत परत विचारून राहिलाय!" मागून आवाज आला, "भंगारात दे बे तो डबा!"

डब्याची चूक नाही. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केलं. एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. म्हणून आपलं खरं मेल खातं त्या मशीनवर टाकूच नका. पण भंगारातही देऊ नका, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

आउटलुक एक्स्प्रेस सुरुवातीलाच दोन नावं विचारतो : येणाऱ्या मेलचा सर्व्हर पीओपी-थ्री आणि जाणाऱ्या मेलचा एसएमटीपी. पत्र टाकायची लाल पेटी वेगळी, पत्र आणून देणारा पोस्टमन वेगळा, तसंच हे. पुढे अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एक छोटा चौकोन असतो : 'मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा'. तो मुळात रिकामा असतो. रिकामा ठेवला की मेल तुमच्या हार्ड डिस्कवर उतरते आणि सर्व्हरवरून पुसली जाते.

हे मला कळलं ते २००६ साली, फायनल इयरला. डायल-अप कनेक्शनसोबत मिळालेलं खातं मी होस्टेलच्या मशीनवर जोडलं. टिक केली नाही. प्रोजेक्टच्या दुरुस्त्या, नागपूरच्या इंटरव्ह्यूचं पत्र, सगळं त्या डिस्कवर. व्हायरस आला म्हणून कुणीतरी मशीन फॉरमॅट केलं. सायबर कॅफेत जाऊन खातं उघडलं, तर इनबॉक्स कोरा! पत्ता नाही, वेळ नाही. इंटरव्ह्यू हुकला. दोष ना मशीनचा, ना फॉरमॅट करणाऱ्याचा. आपली मेल नेमकी राहते कुठे, हेच मला ठाऊक नव्हतं.

आज किती जणांना ठाऊक आहे? मोबाइलवर सगळं आपोआप होतं, म्हणून प्रश्नच पडत नाही. इंजिनिअरला तो पडायला हवा.

म्हणून आपल्या स्टाफला एक विनंती. दोन जुने पीसी इंटरनेटला न जोडता एकमेकांना जोडा. एकावर लिनक्स आणि मेल सर्व्हर, दुसऱ्यावर एक्सपी. मुलांना आधी आउटलुक एक्स्प्रेस सेट करू द्या, मग टेलनेटने पोर्ट ११० वर सर्व्हरशी थेट बोलू द्या : यूझर, पास, लिस्ट, रेट्र, डेले, क्विट. बस, सहा शब्द! 'डेले' म्हटल्याबरोबर मेल जात नाही, नुसती खूण होते. 'क्विट' म्हटल्यावर ती खरी जाते. मध्येच लाइन तुटली तर मेल वाचते. १९८८ साली केलेला हा विचार अजूनही शिकण्यासारखा आहे.

एका दुपारचं प्रॅक्टिकल आहे, खर्च जवळपास शून्य. तो डबा अजून शिकवायला तयार आहे. आपण त्याच्यासमोर बसणार का, एवढाच प्रश्न आहे.