सीटीआर वाढवताय? आधी काकांना विचारा!



शनिवारची सकाळ, बाहेर पावसाची रिपरिप, हातात चहा आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बंद. आज जरा भांडायचं आहे.

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवर एक जुना मित्र भेटला. नोकरी सांभाळून तीन-चार वेबसाइट चालवतो. मिसळ टेबलावर येईपर्यंत त्याने माझा फुकटात क्लासच घेतला. "जाहिरात मेनूच्या अगदी खाली चिकटव. रंग लेखासारखाच ठेव. डाउनलोडच्या बटणाशेजारी एक टाकलीस की सीटीआर दुप्पट झालाच म्हणून समज!" सीटीआर म्हणजे जाहिरात शंभर वेळा दिसली तर तिच्यावर क्लिक किती वेळा झालं, तो आकडा. मी गप्प बसून पाव मोडत राहिलो. कारण हे सगळे उद्योग मी स्वतः करून बसलोय.

इंजिनिअरिंगला असताना मी एसटीच्या वेळांची एक छोटी साइट केली होती. सीबीएस आणि ठक्कर बाजारच्या फलकांवरून वेळा उतरवायच्या आणि टाकायच्या. लोक येऊ लागले तशी मला कमाईची स्वप्नं पडू लागली. मग एका जाहिरात कंपनीचा कोड घेतला आणि "वेळापत्रक डाउनलोड करा" या माझ्या बटणाच्या वर तिची जाहिरात बसवली. तिच्यावरही मोठं हिरवं "डाउनलोड". सीटीआर असा काही वर गेला की मी मित्रांना पार्टी दिली.

पंधरा दिवसांनी निफाडहून काकांचा फोन. "अरे, तुझ्या त्या पानावर नाशिकच्या गाडीची वेळ बघायला गेलो, तर मोबाइलमध्ये भलतंच काहीतरी आलं बघ. आता रोज कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून फोन येतायत. मी काय चुकीचं दाबलं का रे?"

काकांनी काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. मी जिथे दाबायला लावलं, तिथेच दाबलं होतं. फोन करून विचारणारे काका एकच होते. न विचारणारे किती असतील? माझ्या त्या झकास सीटीआरमध्ये असे सगळे काका जमा होते. तो माणसांच्या चुकांचा आकडा होता, आणि मी त्याला यश म्हणत होतो.

"ते ठीक आहे रे, पण पैसे तर मिळतात ना?" असं म्हणणाऱ्यांसाठी आता धंद्याचं बोलू.

वेबवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात १९९४ साली हॉटवायर्डवर झळकली, एटी अँड टी या कंपनीची. ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या सुमारे ४४ टक्के लोकांनी क्लिक केलं असं सांगतात. आज साध्या बॅनरला एक टक्काही मिळणं कठीण. लोक शहाणे झाले, जाहिरातीच्या जागेकडे त्यांची नजरच जात नाही. यावर आपला उपाय काय, तर जाहिरात जाहिरातीसारखी दिसूच द्यायची नाही!

पण पलीकडे पैसे देणारा जाहिरातदार बसलाय, तो काही वेडा नाही. क्लिकनंतर त्याचं सामान विकलं जातं का, हे तो मोजतो. चुकून आलेला माणूस दोन सेकंदांत परत फिरतो, आणि पुढच्या लिलावात त्या जागेची बोली उतरते. ज्या क्लिकमधून विक्री होण्याची शक्यता कमी, त्याचा दर कमी करायची पद्धत गूगलने २००४ सालीच आणली होती. अवैध ठरलेल्या क्लिकचे पैसे तर साइटच्या कमाईतून कापले जातात. आणि २०२४ पासून अ‍ॅडसेन्स मुख्यतः क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर पैसे मोजतं. म्हणजे मित्राचा सल्ला नुसता लबाडीचा नाही, शिळासुद्धा आहे.

"मराठीला दर कमी मिळतो, मग करायचं काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. अ‍ॅडसेन्स २००३ चं. हिंदीची सोय झाली २०१४ मध्ये, मराठीची २०१८ मध्ये. पंधरा वर्षं आपण दाराबाहेर उभे होतो. आत आल्यावर कळलं की मराठी पानावर बोली लावणारे थोडे, म्हणून दर कमी. पण जे थोडे आहेत त्यांनाही फसव्या क्लिकचं बिल पाठवलं तर ते पुन्हा कशाला येतील? एकाने केलेल्या चकव्याचा भुर्दंड सगळ्या मराठी साइटना पडतो.

मग कमाई वाढवायची कशी? मी जे केलं ते सांगतो. त्यात जादू नाही.

फसवी जाहिरात काढली. गाडीची वेळ पानाच्या अगदी वर आणली. जाहिराती दोनच ठेवल्या, वर स्पष्ट "जाहिरात" असं लिहून. त्यांची जागा आधीच राखून ठेवली, म्हणजे पान उघडताना मजकूर खाली सरकून बोटाखाली जाहिरात येणार नाही. मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी खाल्ली तर कोअॅलिशन फॉर बेटर अॅड्सच्या निकषांत ते त्रासदायक ठरतं, आणि हे निकष वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्या जाहिराती क्रोम २०१९ पासून जगभर अडवू शकतो. तेव्हा ही नुसती सभ्यता नाही, हिशेबही आहे.

पहिल्या महिन्यात कमाई निम्म्याहून खाली आली. खोटं कशाला बोलू? मग ठक्कर बाजारजवळच्या एका खानावळीत गेलो आणि मालकांना पान दाखवलं. हिशेब सोपा आहे. समजा महिन्याला २०,००० वेळा पान पाहिलं गेलं, सीटीआर एक टक्का आणि क्लिकला एक रुपया, तर झाले २०० रुपये. गाडीची वाट बघणारं भुकेलं गिऱ्हाईक हवं असलेला खानावळवाला ५०० रुपये सरळ देतो, मध्ये कुणाचा वाटा नाही. मालक म्हणाले, "एक महिना बघू." त्यांची जाहिरात अजून आहे. श्रीमंत झालो नाही, होस्टिंगचा खर्च मात्र सुटतो :-)

२०१५ नंतरचा नाशिकचा सिंहस्थ २०२७ सालचा. गाड्या, घाट, राहण्याची सोय शोधत लाखो लोक मोबाइल उघडणार, आणि त्यांत माझ्या काकांसारखेच जास्त असणार. त्यांच्यासाठी साइट काढायचे बेत आखणाऱ्या मित्रांनो, सीटीआरचा तक्ता नंतर बघा. आधी पान घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या, काहीही न सांगता. बोट किती वेळा भलतीकडे गेलं ते मोजा. तो आकडा शून्य झाला, की मग कमाईचं बोलू.

चला, चहा गार झाला.