'अत्यावश्यक' ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

२०२१ च्या जून महिन्यात राज्य शासनाने निर्बंध शिथिल करण्यासाठी जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. धुळे आणि जळगाव हे खानदेशातील दोन जिल्हे पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित स्तरात बसले. तपासणीत बाधित आढळणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटांपैकी पंचवीस टक्क्यांहून कमी खाटा व्यापलेल्या, असा त्या स्तराचा निकष होता. ७ जूनपासून अशा जिल्ह्यांत दुकाने, मॉल, चित्रपटगृहे, उपाहारगृहे नियमित सुरू करण्याची मुभा मिळाली. देवालयांना मात्र मुभा मिळालेल्यांच्या यादीत स्थान नव्हते. धुळ्यात पांझरेकाठची एकवीरादेवी, मुक्ताईनगरजवळ कोथळीची मुक्ताई, एरंडोल तालुक्यातील पद्मालयाचा गणपती, सगळ्यांची दारे बंदच राहिली. साथ ओसरल्याची ग्वाही शासनाचेच आकडे देत होते. मग चित्रपटगृहातील अंधारात न शिरणारा विषाणू गाभाऱ्यात मात्र दबा धरून बसतो, हे कोणत्या शास्त्रात सांगितले होते?

हा प्रश्न आज का उकरून काढायचा, असे कोणी म्हणेल. उत्तर सरळ आहे. ज्या कायद्यांच्या आधारे ते आदेश निघाले, त्या कायद्यांत 'अत्यावश्यक' म्हणजे काय हे ठरविण्याची रीत आजही तशीच आहे. उद्या दुसरी साथ आली, तर हीच यादी नव्या तारखेसह पुन्हा निघेल. म्हणून हिशेब आताच झाला पाहिजे.

समाजाने काय पाळले?

या हिशेबाची पहिली बाजू समाजाच्या शिस्तीची आहे. २२ मार्च २०२० रोजी पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने जनता कर्फ्यू पाळला. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी घोषित झाली. त्यानंतरच्या चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगगडाची यात्रा होणार होती. खानदेशातून हजारो भाविक दरवर्षी उन्हातान्हात पायी वणीला जातात. त्या वर्षी ती वाट ओस पडली. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी आली. सासुरवाशिणीने माहेरी यावे, झाडाला झोका बांधावा, गौराई मांडावी, पितरांच्या नावे घागर भरावी, असा हा सण. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तरी चालेल, पण आखाजीला ती यावीच, अशी इकडची रीत. त्या वर्षी जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. लेकी सासरी राहिल्या, झोके बांधले गेले नाहीत. मे महिन्यात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी संत सखाराम महाराजांची यात्रा भरली नाही. महिन्याहून अधिक काळ पायी चालत पंढरपूर गाठणारी मुक्ताईची पालखी २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसने गेली.

यापैकी कशासाठी दगडफेक झाली? कोणत्या दिंडीने नाकेबंदी मोडली? शतकांच्या परंपरा समाजाने स्वतःच्या हातांनी थांबविल्या. लोकांचे प्राण वाचविणे हाही धर्मच आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे, शिरपूरमार्गे मध्य प्रदेशच्या सीमेकडे पायी निघालेल्या श्रमिकांना पाणी आणि भाकरी देण्यासाठी याच समाजातील माणसे रस्त्यावर उभी राहिली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने मार्च २०२० मध्येच मुख्यमंत्री साहाय्यता निधीला ५१ कोटी रुपये दिले. देवस्थानाची तिजोरी अत्यावश्यक आणि देवस्थानाचे दार अनावश्यक, ही वाटणी मात्र पुढे शासनाने केली.

परवानगीचा क्रम पाहावा

आदेश कोणत्या क्रमाने निघाले, यावरून ते काढणाऱ्यांची मनोवृत्ती कळते. ४ मे २०२० पासून मद्याची दुकाने उघडण्यास वाव मिळाला. ही मुभा केंद्राच्या १ मेच्या आदेशातून आली होती, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. तेथेही महसुलाचाच विचार वरचढ ठरला. परंतु त्याच केंद्राने ८ जूनपासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील प्रार्थनास्थळे नियमांसह उघडण्यास अनुमती दिली. अनेक राज्यांनी ती अमलात आणली. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या शासनाने आणली नाही. २९ ऑगस्टला राज्यभर घंटानाद झाला, तरी शासन ढिम्म राहिले. ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने सुरू झाली. मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. मद्यालयाच्या मेजावर तासभर बसणारा सुरक्षित आणि देवापुढे हात जोडून दोन मिनिटांत बाहेर पडणारा धोकादायक, असे शासन सहा आठवडे जनतेला सांगत राहिले.

ही केवळ भाविकांची भावना नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणकाळात मुंबईतील तीन जैन मंदिरे उघडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आर्थिक हितसंबंध असलेल्या व्यवहारांसाठी राज्य धोका पत्करायला तयार होते, धर्माचा विषय आला की मात्र साथीचे कारण पुढे होते, याबद्दल तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी आश्चर्य व्यक्त केले आणि दर्शनाला मर्यादित अनुमती दिली. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला जे खटकले, ते मंत्रालयाला खटकले नाही.

दुसऱ्या लाटेनंतर तरी शहाणपण यावे, तर तेही नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना मॉलमध्ये प्रवेश मिळाला. तेच प्रमाणपत्र मंदिराच्या पायरीवर मात्र निरुपयोगी ठरले. मंदिरे उघडण्यास ७ ऑक्टोबरची घटस्थापना उजाडावी लागली.

गर्दीचा युक्तिवाद

यावर पुरोगामी मंडळींचे ठरलेले उत्तर असते: मंदिरात गर्दी होते. होते, यात शंका नाही. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देतानाच ते सार्वजनिक आरोग्याच्या अधीन ठेवते. साथीत देवालय बंद ठेवण्याचा अधिकार शासनाला आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो विवेकाने वापरणे वेगळे. गर्दी हे कारण असेल, तर गर्दीचे नियमन हा उपाय. रांग, अंतर, ठरावीक वेळ, आगाऊ नोंदणी या गोष्टी देवस्थानांना परक्या नाहीत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची शिस्त साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दारे उघडल्यावर तेथे ई-पासने दर्शन सुरू झाले आणि ते सुरळीत चालले. जे नोव्हेंबरमध्ये जमले, ते जूनमध्ये करून पाहण्यास काय हरकत होती?

मशिदी, चर्च, गुरुद्वारेही बंदच होती, असेही सांगितले जाते. खरे आहे, आणि म्हणूनच हे भांडण एका पंथाचे दुसऱ्या पंथाशी नाही. ते श्रद्धेला चैनीच्याही खाली बसविणाऱ्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीशी आहे. मंदिर म्हणजे फक्त मूर्ती आणि भिंती नव्हेत. गुरव, फुलवाला, नारळ-प्रसाद विकणारी बाई, वाजंत्री, कीर्तनकार, आचारी, मंडपवाला अशी किती चूल त्या पायरीवर पेटते! एप्रिल २०२१ च्या आदेशाने विवाहाला पंचवीस माणसे, दोन तासांची वेळ आणि भंग झाल्यास पन्नास हजारांचा दंड ठरविला. रुग्णालये ओसंडून वाहत असताना असा कठोर नियम समजण्यासारखा होता. पण ज्यांचे वर्षाचे पोट चैत्र-वैशाखातील मुहूर्तांवर अवलंबून असते, त्यांचे काय, याचा त्या आदेशात विचार नव्हता. कारण ही माणसे संघटित नाहीत आणि महसुलाच्या रकान्यात दिसत नाहीत.

शेतकऱ्याचीही हीच कथा. शेतीला मुभा होती, म्हणून रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला घड कापता येत होते. पण आठवडे बाजार बंद, दूरच्या बाजारपेठा थंड. पीक घेण्याची परवानगी आणि ते विकण्याची वाट बंद, याला दिलासा म्हणत नाहीत.

बाहेर मोजदाद, आत बेफिकिरी

शासनाचे लक्ष कोठे होते, हे जळगावने फार दुःखद रीतीने अनुभवले. जून २०२० मध्ये जळगावचा मृत्युदर देशातील सर्वाधिक दरांपैकी होता. त्याच महिन्यात तेथील शासकीय रुग्णालयातून २ जूनपासून बेपत्ता असलेल्या ८२ वर्षांच्या वृद्ध रुग्णाचा मृतदेह १० जून रोजी रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. आठ दिवस! त्या काळात चौकाचौकांत नागरिकांना अडवून बाहेर पडण्याचे कारण विचारले जात होते. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची मोजदाद ठेवणाऱ्या यंत्रणेला स्वतःच्या छताखालची एक आजी सापडली नाही. पुढे अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले. परंतु निलंबनाने त्या आठ दिवसांचे उत्तर मिळत नाही. निर्बंधांचा खरा हेतू रुग्णालयांना सिद्धतेसाठी उसंत मिळवून देणे हा असतो. उसंत जनतेने दिली. तिचे काय केले, हे शासनाने सांगायचे होते.

शब्दांचीही अशीच हेळसांड झाली. जुलै २०२० मध्ये जळगाव, भुसावळ आणि अमळनेर ही शहरे पुन्हा आठवडाभर बंद झाली. मार्च २०२१ मध्ये जळगाव शहरात आदेश काढून 'जनता कर्फ्यू' लावण्यात आला. जनतेने स्वेच्छेने पाळावयाचा तो जनता कर्फ्यू. दंडुक्याच्या धाकाने लावला की तो नुसता कर्फ्यू असतो. ३ जून २०२१ रोजी तर एका मंत्र्यांनी धुळे-जळगावसह अठरा जिल्हे खुले झाल्याचे जाहीर केले आणि त्याच सायंकाळी शासनाने असा निर्णय झालाच नसल्याचे सांगितले. दुकान उघडावे की नाही, हे ज्याला सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे कळते, त्या व्यापाऱ्याने कायद्याचा आदर कसा करावा?

पुण्याचा धडा

या साऱ्याच्या मुळाशी असलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे. प्लेगच्या निमित्ताने इंग्रजांनी तो केला. केवळ काही कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते उपाय योजण्याचा मोकळा अधिकार देतो. त्या अधिकाराला मुदत नाही आणि लोकांचा सल्ला घेण्याचे बंधन नाही. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, देवघरांची अप्रतिष्ठा केली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याला उत्तर दिले. लोकमान्य टिळकांची भूमिका येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. रुग्णांना वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. ते प्लेगच्या दिवसांत पुणे सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप होता तो लोकांना विश्वासात न घेता, त्यांच्या श्रद्धास्थानांची पर्वा न करता उपाय लादण्याला. रँडशाही आणि लोकशाही यांची तुलना कोणी करणार नाही. पण स्वतंत्र भारतातील शासनानेही त्याच कायद्याच्या आधारे, समाजाशी चकार शब्द न बोलता, यादी काढावी, हे स्वराज्याला शोभणारे नाही.

हा कायदा अपुरा आहे, हे आता विधी आयोगानेही मान्य केले आहे. फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात आयोगाने त्यात सुधारणा करावी किंवा नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस केली. टाळेबंदीत नोंदविलेले गुन्हे मागे घेण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये केली होती. जे आदेश मोडल्याचे गुन्हे पुढे मागे घ्यावे लागतात, ते आदेश काढतानाच अधिक विचार व्हायला हवा होता.

नव्या कायद्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत. प्रत्येक निर्बंधाला ठरावीक मुदत हवी आणि ती वाढविण्यास विधिमंडळाची संमती हवी. एखादी गोष्ट सुरू आणि दुसरी बंद का, याचे शास्त्रीय कारण आदेशातच लिहिलेले हवे. जिल्हा पातळीवर निर्णय घेताना देवस्थाने, वारकरी, व्यापारी, शेतकरी आणि वैद्यक क्षेत्र यांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकण्याचे बंधन हवे. आणि ज्यांचा रोजगार आदेशाने थांबतो, त्यांच्या निर्वाहाची तरतूद त्याच आदेशात हवी.

समाजाच्या वाट्यालाही काम आहे. प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांनी साथीच्या काळात दर्शन कसे चालेल, अन्नदान कसे होईल, धर्मशाळेत किती खाटा लावता येतील, याचा आराखडा आजच तयार करून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात त्यासाठी बैठका घ्याव्यात आणि आपल्या आमदार-खासदारांना विधी आयोगाच्या अहवालाचे पुढे काय झाले, हे विचारावे. मुक्ताईच्या पालखीला पुन्हा बसमध्ये बसण्याची वेळ येऊ नये. आलीच, तर तो निर्णय वारकऱ्यांना विचारून झालेला असावा.