हरणाऱ्याची राज्यघटना

आज ६ ऑगस्ट. १९२५ साली याच दिवशी हुगळीकाठच्या बराकपूरमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे निधन झाले. बराकपूर म्हटले की आपल्याला मंगल पांडे आठवतो. २९ मार्च १८५७ रोजी तिथल्या छावणीत त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांवर शस्त्र उगारले आणि ८ एप्रिलला तो फासावर गेला. त्या बलिदानाची आठवण राहायलाच हवी. पण याच गावाने सनदशीर राजकारणातला एक मोलाचा प्रसंगही पाहिला, आणि तो आपण पार विसरून गेलो आहोत.

सुरेंद्रनाथ काही सरकारचे लाडके नव्हते. १८७४ साली त्यांना सनदी सेवेतून बडतर्फ करण्यात आले. १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन’ उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘बेंगॉली’ पत्रातून एका न्यायाधीशावर टीका केली म्हणून १८८३ मध्ये त्यांनी दोन महिने तुरुंगवास भोगला. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. वंगभंगाविरुद्ध त्यांनी बंगाल पेटवला आणि १९११ मध्ये सरकारला ती फाळणी मागे घ्यावी लागली. या सगळ्यात त्यांची एक श्रद्धा अढळ राहिली: राज्य कायद्याने बांधले गेले पाहिजे आणि लोकांच्या प्रतिनिधींना जबाबदार असले पाहिजे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ते बंगालचे मंत्री झाले. १९२३ चा कलकत्ता महापालिका कायदा त्यांनीच आणला. शहराला निवडलेला महापौर मिळाला, तो या कायद्यामुळे.

त्याच वर्षी प्रांतिक कायदेमंडळाची निवडणूक लागली. बराकपूरच्या बाजूच्या मतदारसंघात पंचाहत्तरीच्या सुरेंद्रनाथांसमोर ४१ वर्षांचे एक डॉक्टर उभे राहिले. त्यांचे नाव बिधानचंद्र रॉय. त्यांच्या पाठीशी स्वराज्य पक्ष होता. मंत्रिपद, सर ही पदवी, अर्धशतकाची लोकसेवा, काहीच कामी आले नाही. सुरेंद्रनाथ पडले. मतदार मोजके होते, मालमत्तेची अट होती, स्त्रियांना मत नव्हते, गव्हर्नरचा शब्द अखेरचा होता. तरीही त्या तोकड्या चौकटीत एक मोठी गोष्ट घडली. सत्तेवरचा माणूस हरला, घरी गेला आणि त्याच घरात, दोन वर्षांनी, त्याने अखेरचा श्वास घेतला.

ही गोष्ट किती दुर्मीळ, हे कळायला त्या काळच्या रशियाकडे पाहावे. फ्योदर कोकोश्किन हे मॉस्को विद्यापीठात राज्यघटनेचा कायदा शिकवणारे विद्वान. १९०६ च्या पहिल्या ड्यूमाचे, म्हणजे रशियाच्या संसदेचे, ते सदस्य होते. झारशाही कोसळल्यावर, १९१७ मध्ये, संविधान सभेच्या निवडणुकीचा कायदा तयार करणाऱ्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. स्त्रीपुरुष सर्वांना समान, थेट आणि गुप्त मतदान देणारा तो कायदा होता. त्याच कायद्याखाली ते निवडूनही आले. मात्र सभा भरण्याआधीच बोल्शेविकांनी त्यांना अटक केली. जानेवारी १९१८ मध्ये सभा जेमतेम एकदा भरली आणि मोडली गेली. त्यानंतर काही तासांतच, पेट्रोग्राडच्या मारिन्स्की इस्पितळात, आजारी कोकोश्किन यांना आणि त्यांचे सहकारी शिंगार्योव यांना सशस्त्र टोळीने खाटेवरच गोळ्या घातल्या. निवडणुकीत बोल्शेविकांना बहुमत मिळाले नव्हते, आणि हरण्याची त्यांची तयारी नव्हती. कायदा उत्तम होता. तो पाळणारा कोणी उरला नाही.

आपल्याकडे काय घडले? घटना समितीत बाबासाहेब आंबेडकर पहिल्यांदा गेले ते १९४६ साली, बंगालमधूनच. मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, उत्तर मुंबईत, त्यांचा नारायण काजरोळकर यांनी पराभव केला. घटनेच्या शिल्पकाराला घटनेनेच दिलेल्या मतांनी हरवले. पराभव जिव्हारी लागणारा होता, पण बाबासाहेब राज्यसभेत गेले आणि सरकारला धारेवर धरत राहिले. त्यांच्या पराभवाचा आनंद कुणी मानू नये. त्या पराभवानंतरही त्यांचा आवाज शाबूत राहिला, याचा अभिमान जरूर बाळगावा.

राज्यघटनेची खरी कसोटी इथेच लागते. जिंकणाऱ्याला कोणतीही राजवट मुजरा करते. हरणाऱ्याचा जीव, घर, हक्क आणि पुन्हा उभे राहण्याची संधी जी सांभाळते, तीच घटना जिवंत. ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यावर पडलेल्या पॅनेलच्या वस्तीकडचा पाण्याचा टँकर वळवला जातो, तेव्हा ती घटना त्या वस्तीपुरती मोडलेली असते. विरोधी मत दिले म्हणून कुणाचे रेशनकार्ड अडवले, तरी तेच. याला दिल्ली जबाबदार नसते. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील आणि गप्प बसणारे आपण सगळे असतो.

सुरेंद्रनाथांना आदरांजली वाहायची तर येत्या प्रत्येक निवडणुकीत एक पथ्य पाळू या: गुलाल उधळण्याआधी जिंकलेल्याने हरलेल्याच्या दारी जावे, आणि त्या वस्तीचे पाणी, रस्ता, दाखला यांपैकी काहीही अडणार नाही, असा शब्द चार माणसांसमोर द्यावा. आणि तो शब्द पाळला जातो की नाही, यावर जिंकलेल्याच्या मतदारांनीच पहारा ठेवावा.